शून्य हरकती

खैरबोडीच्या मोठ्या तलावावर तरंगतं सौरकेंद्र उभारायला कोणाची हरकत आहे का, असं सरकारने आणि एका सौरऊर्जा कंपनीने मिळून दहा दिवस विचारलं. एकशे चाळीस घरांच्या वस्तीतून एकही हरकत आली नाही. ज्यांचं पोट त्या तलावावर, ज्यांच्यात दोन माणसं एकत्र आली की तीन मतं होतात, ती आमची मासेमार ढीवर मंडळी दहा दिवस चिडीचूप बसली. आमच्या नागपूरच्या कार्यालयात त्या दिवशी पेढे वाटले. मीही एक खाल्ला, आणि नको नको म्हणत दुसराही घेतला. खैरबोडी माझं गाव आहे. गावाची ती शांतता कंपनीला मीच मिळवून दिली होती.

माझं नाव यामिनी वलथरे. 'समरस' नावाच्या कंपनीत मी लोकसंवाद विश्लेषक होते. नाव भारदस्त असलं तरी काम साधं होतं. सरकारी खाती आणि खासगी कंपन्या यांना समाजमाध्यमांवर लोकांशी गोड बोलायला शिकवायचं. पूर्वी सरकारी पानांवर मंत्र्यांचे फोटो आणि उद्घाटनाच्या फिती असत, आणि ती पानं मंत्र्यांच्या भाच्यांशिवाय कोणी बघत नसे. आम्ही तो प्रकार बंद केला. आम्ही 'तलावमित्र' आणला.

तलावमित्र हा गावागावांच्या ग्रुपमध्ये राहणारा बोलका मदतनीस होता. सकाळी तो गोंदियाच्या बाजारातला मरळ माशाचा भाव सांगायचा, दुपारी वादळाचा इशारा द्यायचा, कोणाच्या म्हाताऱ्याचं पेन्शन अडलं तर कुठला कागद कुठल्या टेबलावर द्यायचा तेही सांगायचा. वरून तो आमच्याच बोलीत बोलायचा. ती बोली त्याला मी शिकवली होती. आईने मला तीन वर्षांत पाठवलेले सगळे आवाजी निरोप मी त्याला ऐकवले होते. जेवली का, पाणी उकळून पी, शिंगाडे धाडले आहेत, असले ते निरोप. आईला यातलं काही माहीत नव्हतं. ती मला कौतुकाने म्हणायची, "हा तलावमित्र आपल्यातलाच वाटते वं. चांगल्या घरचा असंल."

या चांगल्या घरच्या मित्राच्या पाठीमागे 'कौल' होता, आणि खरी करामत त्याची होती.

लोकांचे निरोप कुलूपबंद असतात, ते वाचायला कायद्याने बंदी आहे. कौल ते वाचतही नसे. कोण कधी बोललं, त्यानंतर किती वेळाने दुसरं कोण बोललं, कोणाच्या बोलण्यानंतर सगळे गप्प झाले, एवढंच तो मोजायचा. जुने वैद्य मनगट धरून ताप सांगत, त्यातलाच प्रकार. शेकडो गावांतल्या आंदोलनांच्या आणि विरोधाच्या नोंदी तपासताना संशोधकांना एक गोष्ट दिसली होती. पहिला माणूस कुरकुरतो तेव्हा गावात काही होत नाही. दुसरा बोलतो तो बहुधा पहिल्याचा भाऊ नाहीतर मेहुणा असतो, त्यामुळे त्यालाही कोणी मोजत नाही. पण या दोघांशी काही नातं नसलेला तिसरा माणूस तोंड उघडतो, तेव्हा बाकीच्यांना वाटतं की आता आपणही बोलायला हरकत नाही. तिथून पुढे विरोध आवरत नाही. याला आम्ही 'तिसऱ्या माणसाचा नियम' म्हणत असू. हा तिसरा माणूस केव्हा बोलेल, हे कौल ग्रुपच्या नाडीवरून बऱ्यापैकी अचूक सांगायचा. तो केव्हा बोलणार नाही, हे त्याहून अचूक.

हे दुसरं भाकीत कशाला लागतं, असं वाटेल. डिजिटल जनसंवादाचे नियम आल्यापासून मंडप घालून जनसुनावणी घेण्याची गरज उरली नव्हती. गावाच्या मुख्य ग्रुपवर सूचना टाकायची, दहा दिवस थांबायचं, हरकत आली नाही तर समाजाची मूक संमती धरायची. सूचना कोणत्या तारखेला टाकायची, हे मात्र नियमात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

माझं पाप एका बैठकीत घडलं. पडद्यावर खैरबोडीचा आलेख होता. तीन वर्षांत त्यात अकरा खड्डे पडले होते आणि प्रत्येक खड्डा बरोबर दहा दिवसांचा होता. कौलने त्यांच्यावर 'यंत्रणेतील बिघाड' असा शिक्का मारला होता. आमचे प्रमुख पराग देवस्थळी मनाने चांगले गृहस्थ. सगळ्यांचे वाढदिवस त्यांना पाठ असत आणि कोणी आजारी पडलं तर घरून मऊभात आणत. ते आलेखाकडे बघत म्हणाले, "इथला टॉवर इतक्या वेळा पडतो?"

मला हसू आलं. "टॉवर नाही सर. या मयती आहेत."

खोलीतले सगळे माझ्याकडे वळले. मी उठून पडद्याजवळ गेले आणि सांगू लागले. आमच्या वस्तीत कोणी वारलं की दहावीपर्यंत, म्हणजे दहाव्या दिवसाच्या विधीपर्यंत, तलावात जाळं पडत नाही. कोणी चढ्या आवाजात बोलत नाही. सख्ख्या भावांची डोकी फुटायची वेळ आलेली असली तरी भांडण जागच्या जागी थांबतं. दहावीला तलावावर आंघोळी झाल्या की मग हवं तर पुढे चालू. गेलेल्या माणसाच्या कानावर तंटा पडू नये, म्हणतात. फोनवर ग्रुप आले तेव्हा वस्तीने हाच नियम ग्रुपलाही लावला. मयतीची खबर आणि जोडलेले हात, एवढंच दहा दिवस. सरपंचाची चहाडी असो की विजेची तक्रार असो, सगळं दहावीनंतर.

त्या खोलीत माझ्याकडे असं कोणी कधी पाहिलं नव्हतं. मी तिथे तीन वर्षं होते. डब्यात झिंगे आणले तर खिडकीशी बसून खायचे, गाव विचारलं तर भंडाऱ्याजवळ म्हणायचं, आईचा फोन आला तर जिन्यात जाऊन बोलायचं, अशी माझी तीन वर्षं गेली होती. त्या दिवशी पहिल्यांदा माझं गाव माझ्या कामाला आलं. मी बोलतच सुटले. कोणाची मयत मोठी मानतात, कोणासाठी पलीकडच्या वस्तीतलीही जाळी थांबतात, सगळं सांगितलं. पराग सर म्हणाले, "हे सोनं आहे, यामिनी. नोंद करून टाक."

मी नोंद केली. शोककाळ, दहा दिवस, तिसरा माणूस बोलण्याची शक्यता शंभरात तीन. नोंद होताच खाली कौलची शिफारस उमटली : 'खैरबोडीसाठी सूचना पुढील शोककाळात प्रसिद्ध करावी.'

पुढे मी बऱ्याच जणांना सांगितलं की तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता. ते खोटं आहे. मला कळलं होतं. मी ते वाक्य दोनदा वाचलं, संगणक मिटला आणि जेवायला गेले. त्या दिवशी मी सगळ्यांबरोबर मधल्या टेबलावर बसून जेवले.

तीन महिन्यांनी एका सकाळी आईचा फोन आला. फागू आजा गेले होते.

फागू आजा माझे सख्खे आजोबा नव्हते, पण वस्तीत त्यांना सगळेच आजा म्हणत. आमची मच्छीमार संस्था त्यांनी उभी केली. ठेकेदाराच्या हातातून तलाव सोडवून संस्थेच्या नावावर त्यांनीच आणला. मला पोहायला त्यांनी शिकवलं, म्हणजे डोंग्यातून सरळ पाण्यात टाकून दिलं आणि काठावर बसून बिडी ओढत राहिले. बारावीनंतर मला नागपूरला शिकायला पाठवायचं की नाही यावर घरात खल चालला होता, तेव्हा ते संस्थेच्या सभेत उभे राहिले आणि म्हणाले, "एक पोरगी कागद वाचणारी पाहिजे आपल्यात. नाही त जन्मभर दुसऱ्याच्याच तोंडाकडे पाहत बसू." त्यांच्या शब्दावर संस्थेने मला शिकवलं.

मी रडले आणि रडून झाल्यावर कार्यालयात गेले. सुट्टी मागून दुपारची गाडी पकडायची असं ठरवलं होतं. अकराच्या सुमाराला माझ्या पडद्यावर एक चौकट उघडली. 'खैरबोडी : नाडी मंदावली आहे. मयत झाली आहे का? स्थानिक विश्लेषकाने खात्री करावी.' खाली दोन बटणं होती, होय आणि नाही.

चार मिनिटं मी त्या चौकटीकडे बघत होते. चार मिनिटं हा मोठा वेळ असतो. तेवढ्यात मी मनाशी बरीच वकिली केली. मी नाही सांगितलं तरी दुसरा कोणीतरी शोधून काढेल. सौरकेंद्र काही वाईट गोष्ट नाही, वीज सगळ्यांनाच लागते. आणि मला फक्त खरं काय ते विचारलंय, निर्णय वरचे लोक घेतील. तलावाचा दोनतृतीयांश भाग सौरपत्र्यांखाली गेल्यावर जाळं कुठे टाकायचं आणि शिंगाडा कुठे लावायचा, हा प्रश्न त्या चार मिनिटांत मी एकदाही स्वतःला विचारला नाही. मी 'होय' दाबलं. आजा खरंच गेले होते, तेव्हा खोटं बोलल्याचा दोषही मला लागणार नव्हता.

पराग सरांनी सुट्टी लगेच मंजूर केली. 'काळजी घे. घरच्यांना सांभाळ,' असंही लिहिलं.

मयतीच्या तिसऱ्या दिवशी आम्ही आजांच्या अंगणात बसलो होतो. जाळी वळणीवर टांगलेली होती, डोंगे काठावर पालथे घातलेले होते. माझी आई, रेवताबाई, संस्थेची अध्यक्ष. ती चौथीपर्यंत शिकली आहे. सही करते, आकडे वाचते, पण सरकारी मराठी समोर आली की कागद माझ्याकडे सरकवते. तिने फोन माझ्यापुढे धरला.

"यामे, हे पाह्य. तलावमित्रानंही निरोप धाडला हाय."

वर लिहिलं होतं, 'फागू आजा गेले, लय वाईट झालं. वस्तीवरचं झाड गेलं.' हे वाक्य आईचं होतं. माझे आजोबा वारले तेव्हा आईने मला अगदी याच शब्दांत निरोप पाठवला होता. मी तो यंत्राला ऐकवला, आणि आता तो तिच्याकडे सांत्वन म्हणून परत आला होता. आईच्या डोळ्यांत पाणी होतं.

"पाह्य ना, किती मनापासून लिहिलं त्यानं," ती म्हणाली. "पण खाली काही लांबलचक हाय. सरकारी दिसते. वाच बरं. घाईचं हाय का?"

मी वाचलं. मोठ्या तलावाच्या जलपृष्ठावर तरंगते सौरकेंद्र उभारण्याबाबत समाजाच्या हरकती व सूचना, आणि त्याखाली मुदत. मुदत दहावीच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता संपत होती.

त्या क्षणी सगळं सावरता आलं असतं. आई, घाईचं आहे, एवढंच म्हणायचं होतं. मग ती विचारणार, नेमकं आत्ताच काहून धाडलं? आमच्या चालीची त्यांना काय खबर? या प्रश्नाचं उत्तर मी होते, आणि अंगणात चाळीस माणसं बसली होती. मला लाज वाटली. जे केलं त्याची लाज वाटली, म्हणून ते झाकायला मी त्याहून वाईट केलं.

"नाही आई," मी म्हटलं. "घाईचं नाही. दहावीनंतर पाहू."

"बरं," म्हणून तिने फोन पालथा ठेवला.

थोड्या वेळाने मधुकर दिघोरे आला. तिशीतला, संस्थेत सगळ्यांत तापट माणूस. तो आईजवळ उकिडवा बसून हळू आवाजात म्हणाला, "काकू, आपल्या तलावाचं काही आलं म्हणते. माझा मेहुणाही म्हणे, हे बरं नाही दिसत. चाल बाजूला ठेवून एकदा बसाव का?"

"यामीनं वाचलं हाय," आई म्हणाली. "घाईचं नाही म्हणते. दहावी होऊ दे."

मधुकरने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि उठून गेला. पहिला माणूस बोलला होता, दुसरा त्याचा मेहुणा होता. कौलने सांगितल्याप्रमाणे सगळं चाललं होतं. तिसरा माणूस बोलायचा राहिला, कारण माझ्यासारख्या शिकलेल्या मुलीने घाई नाही असं सांगितलं होतं.

दहावीला दुपारी सगळी वस्ती तलावावर होती. पुरुषांची मुंडणं झाली, बायका पाण्यात उतरल्या, आजांच्या मुलाने दहा दिवसांतलं पहिलं जाळं टाकलं. मी काठावर उभी होते आणि दर पाच मिनिटांनी फोनचं घड्याळ बघत होते. पाच वाजले तेव्हा आई गुडघाभर पाण्यात उभी राहून मला हाक मारत होती, की तू पण ये, आजांच्या नावानं एक बुडी मार. मी सर्दीचं कारण सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने नागपूर गाठलं.

पेढे त्याच दिवशी वाटले. अहवालात लिहिलं होतं, हरकती शून्य, समाजाची संमती संपूर्ण. पराग सरांनी मला आत बोलावलं.

"आता हे आणखी दोनशे गावांत न्यायचंय," ते म्हणाले. "प्रत्येक समाजात असं काहीतरी असतं बघ. कुठे सुतक असेल, कुठे उपास असतील, कुठे लग्नसराईत भांडायचं नाही असं असेल. ते आतल्या माणसालाच माहीत असतं. अशा वीस मुलामुलींची तुकडी तू उभी कर. तूच प्रमुख."

"सर, त्या लोकांना बोलायचं असतं तर?"

"आपण कोणाचं तोंड धरलं का?" ते अगदी मनापासून म्हणाले. "चाल त्यांची, पाळलीही त्यांनीच. आपण फक्त तारीख निवडली."

यात खोटं काहीच नव्हतं. मी विचार करून सांगते म्हटलं. प्रमुखपद नको, असं माझ्या तोंडून त्या दिवशीही निघालं नाही.

तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला. मी जिन्यात गेले.

"मधुकर तहसिलीत जाऊन आला. मुदत संपली म्हणते."

मी जिन्याचं दार ओढून घेतलं.

"तू त म्हटलं होतं, घाईचं नाही."

"आई, मला वाटलं..."

"सरकारी भाषा असते ती," आई घाईघाईने म्हणाली. मला अडचणीतून सोडवायची घाई होती तिला. "भल्याभल्याईले कळत नाही. तूही रडून रडून दमली होतीस, चुकली असशील वाचतानी. मी तुझं नावच घेतलं नाही कोणापाशी. मधुकरलेही गप्प बसवलं. सर्वाईले सांगितलं, का माझ्याच फोनचा घोळ झाला. उद्या सभा हाय. अध्यक्षपद सोडतो म्हटलं मी. चौथी शिकलेल्या बाईनं तलाव घालवला म्हणून बोलून राहिले लोकं, त त्याईचं काय चुकलं?"

ती आणखी काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. फोन ठेवल्यावर मी जिन्यातच बसले. माणसाला स्वतःची किळस येते म्हणजे काय होतं ते मला तिथे कळलं. वर-खाली ये-जा करणारी माणसं विचारत होती, बरं नाही का, पाणी आणू का. मी म्हटलं, नको, आणि उठून माझ्या जागेवर गेले.

जनसंवादाच्या नियमांची पुस्तिका कंपनीसाठी मीच लिहिली होती, त्यामुळे शेवटच्या पानावरचा उपनियम मला पाठ होता. लोकांना बोलता येऊ नये अशा हेतूने तारीख निवडल्याचं सिद्ध झालं, तर बाधित संस्था तीस दिवसांत तक्रार करू शकते, आणि मग सूचना नव्याने काढावी लागते. हा उपनियम आजवर कोणी वापरला नव्हता. हेतू सिद्ध कसा करणार? त्यासाठी आतलं माणूस लागतं. तारीख कोणी सुचवली, मयतीची खात्री कोणी केली, हे कौलच्या नोंदवहीत मिनिटासकट होतं. माझ्या नोंदी बघायचा अधिकार मला होता. मी माझी तीन पानं छापून घेतली. शोककाळाची नोंद, शिफारस, आणि 'मयत झाली : होय, यामिनी वलथरे, ११ वाजून ४ मिनिटे.' राजीनामा पराग सरांच्या टेबलावर ठेवला आणि गाडीत बसले.

घरी पोचले तेव्हा आई सभेला निघायच्या तयारीत होती. मी दार लोटलं आणि तिला सगळं सांगितलं. बैठक, खड्डे, बटण, अंगणातलं वाचन. वाचताना माझी चूक झाली नव्हती, हेही सांगितलं. तलावमित्र कोणाच्या आवाजात बोलतो, हे सांगताना माझ्याने तिच्याकडे बघवेना.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे मले एकटीलेच काहून सांगून राहिली? तलाव माझा एकटीचा हाय का?"

"आई, लोकांसमोर..."

"लोकांसमोरच," ती म्हणाली आणि चपला घालून चालू लागली.

संस्थेचं कार्यालय म्हणजे तलावाकाठची पत्र्याची लांबट खोली. सत्तर-ऐंशी माणसं दाटीवाटीने बसली होती. आईने राजीनाम्याचा विषय काढलाच नाही. मला समोर उभं केलं आणि म्हणाली, "यामीले बोलायचं हाय." मी पुन्हा सगळं सांगितलं. घरी सांगताना निदान रडता आलं होतं, इथे तेही येईना. कोणीतरी शिव्या द्याव्यात, मधुकरने अंगावर धावून यावं, असं मला फार वाटत होतं. तो नुसता भिंतीला टेकून माझ्याकडे पाहत होता.

पुढच्या रांगेत फागू आजांची बायको बसली होती, गंगाआजी. तिने एकच विचारलं.

"त्याईच्या मरणाची खबर कंपनीले तूच देल्ली का, बाई?"

"हो आजी."

तिने मान खाली घातली. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही.

मी तीन पानं टेबलावर ठेवली, उपनियम समजावून सांगितला. तक्रार संस्थेच्या अध्यक्षाच्या सहीने जायला हवी, आणि जिच्याविरुद्ध तक्रार आहे तिचं नाव स्पष्ट हवं, तरच ती टिकेल. मधुकर पहिल्यांदा बोलला. "म्हणजे काकूनं तुझ्याच विरुद्ध लिहून द्यायचं?"

"हो."

"तुले पुढं नोकरी भेटंल का मग?"

"नाही. बहुतेक खटलाही होईल."

मधुकर आईकडे वळला. "काकू, राहू द्या. दुसरं काही पाहू."

हे मला सगळ्यांत जड गेलं. तलाव हातचा जात असताना हा तापट माणूस माझी नोकरी वाचवायला बघत होता.

आई म्हणाली, "दुसरं काही नाही. यामे, कागद घे. तूच लिही, तुले त्याईची भाषा येते."

मी लिहायला बसले. आई सांगत होती आणि मी ते सरकारी मराठीत उतरवत होते. आमच्या वस्तीतील मयताचा काळ हेतुपुरस्सर निवडून, आमच्या चालीचा गैरफायदा घेऊन. अर्जाच्या नमुन्यात एक रकाना होता, तो मी रिकामा सोडून पुढे गेले. आईने त्यावर बोट ठेवलं.

"इथं काय विचारलं हाय?"

"ते नाही भरलं तरी चालते आई."

"विचारलं काय हाय?"

"जिच्याविरुद्ध तक्रार आहे तिचं अर्जदाराशी नातं."

आईने पदराने चेहरा पुसला. "मग लिही ना," ती म्हणाली. "मुलगी. खोटं कशाले लिहायचं? मुलगीच त हायेस."

मी लिहिलं. तिने तिची सावकाश, मोठ्या अक्षरांतली सही केली आणि कागद परत माझ्या हातात दिला.

"आता उभी राह्य आणि वाचून दाखव. मागच्या बारीला मले एकटीले वाचून दाखवलं, आता सर्वाईले दाखव. एक शब्द गाळू नको."

मी उभी राहिले. पहिल्या दोन ओळी नीट वाचल्या. माझ्या नावापाशी आले तेव्हा आवाज खाली गेला. मी तशीच पुटपुटत पुढे गेले.

"यामे, मोठ्यानं," आई म्हणाली. "मागं ऐकू येत नाही."

मी घसा साफ केला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.